लग्नाआधी जीनोम टेस्ट करू का, आणि जनुकांच्या नकाशाचा आपल्याला उपयोग काय?

नमस्कार. तुमचा प्रश्न बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही डोंबिवलीच्या, वय २७, लग्न ठरलंय. चुलत बहिणीच्या चार वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे (शरीरात हिमोग्लोबिन नीट बनत नाही असा आनुवंशिक आजार) आणि दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला त्याला परळला न्यावं लागतं. ऑफिसच्या हेल्थ कॅम्पमध्ये एका कंपनीने ‘संपूर्ण जीनोम’ (म्हणजे शरीरातला सगळा डीएनए) तपासणीचं पॅकेज ठेवलंय, ते लग्नाआधी करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय: ‘माणसाच्या सगळ्या जनुकांचा नकाशा २००३ सालीच पूर्ण झाला म्हणतात, मग आमच्या बाळाला अजून रक्तच का चढवावं लागतं?’

मी मुंबईत वैद्यकीय जनुकशास्त्राची ओपीडी बघते. थॅलेसेमियाची कुटुंबं माझ्याकडे सतत येतात, आणि तुमचं ते शेवटचं वाक्य वेगवेगळ्या शब्दांत मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. त्याला नीट उत्तर मिळायला हवं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पण आधी पॅकेजचं. माझ्या मते आत्ता घेऊ नका. तुम्हाला खरं विचारायचंय ते एवढंच, की मला होणाऱ्या मुलाला हा आजार होईल का. त्याचं उत्तर दोन साध्या रक्ततपासण्या देतात: सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी. पॅकेजच्या तुलनेत खर्च किरकोळ, आणि या एका प्रश्नापुरतं उत्तर जास्त स्पष्ट.

आता तुमचा धोका किती, ते बघू. मेजर व्हायला आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. म्हणजे तुमची चुलत बहीण आणि तिचे यजमान दोघंही वाहक आहेत, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली, आपण ज्याला मायनर म्हणतो ते. बहिणीला ते आलं एकतर तुमच्या काकांकडून, नाहीतर काकूंकडून. काकूंकडून आलं असेल तर तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही. काकांकडून आलं असेल तर ते तुमच्या आजी किंवा आजोबांकडे होतं, तिथून तुमच्या वडिलांकडे येण्याची शक्यता निम्मी, आणि वडिलांकडून तुमच्याकडे येण्याची पुन्हा निम्मी. तिन्ही एकत्र धरले की आठात एक. भारतात साधारण शंभरात तीन-चार जण बीटा थॅलेसेमियाचे (तुमच्या भाच्याचा आजार हाच) वाहक असतात. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा अशा काही समाजांत हे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे होणारे यजमान कुठल्या समाजाचे आहेत, त्यांच्या घरी असं कुणी होतं का, ते नात्यातलेच आहेत का (मामे-आते भावंडांत लग्नं आपल्याकडे होतातच), यावर त्यांच्या बाजूचा आकडा बदलतो. तुम्ही दोघंही वाहक निघालात तरच मुलाला मेजर होण्याचा प्रश्न येतो. तेव्हा तो धोका प्रत्येक गरोदरपणात चारात एक असतो. ‘प्रत्येक’ हा शब्द लक्षात ठेवा. पहिल्या मुलाला झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो.

शक्यतांचं हे गणित तपासणीने एका दिवसात निकालात निघतं, म्हणून त्यावर फार दिवस काळजी करत बसू नका. एचपीएलसीच्या रिपोर्टवर एक आलेख असतो. त्यात सगळ्यात उंच टोक हिमोग्लोबिन ए चं आणि त्याच्या उजवीकडे छोटंसं टोक ए२ चं. मी आधी त्या छोट्या टोकाचा आकडा बघते. तो ४ टक्के किंवा वर असेल तर बहुतेक वेळा माणूस वाहक असतो, ३.५ च्या खाली असेल तर सहसा नसतो. मधे आला की सीबीसीकडे वळायचं. तांबड्या पेशी आकाराने लहान (एमसीव्ही ८० च्या खाली) पण संख्येने भरपूर असतील तर संशय वाढतो. एक अडचण मात्र आपल्याकडे फार दिसते: तरुण मुलींमध्ये लोह कमी असतं, आणि लोह कमी असलं की ए२ चा आकडा थोडा खाली उतरतो. वाहक असून रिपोर्ट ‘नॉर्मल’ वाटू शकतो. त्यामुळे फेरिटिनही (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्या, आणि लोह कमी निघालं तर गोळ्या घेऊन काही महिन्यांनी एचपीएलसी परत करा. याच आलेखात सिकल सेलचं (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) हिमोग्लोबिनही वेगळं दिसतं. विदर्भ किंवा नंदुरबारकडची मंडळी असतील तर ते महत्त्वाचं आहे, कारण तिकडे हा आजार जास्त दिसतो.

आलेखाइतकाच भर मी घराण्याच्या तक्त्यावर देते. कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, वाहक असेल तर अर्धं काळं, आजारी असेल तर पूर्ण काळं. एका जोडप्याबरोबर सासूबाई आल्या होत्या. ‘आमच्या घराण्यात कुणाला काही नाही’ असं त्या ठामपणे सांगत होत्या. एकेक चौकोन काढत मी त्यांच्या धाकट्या दिरापाशी आले, तेव्हा म्हणाल्या, ‘तो लहानपणीच गेला. दोनेक वर्षांचा असेल. पांढराफटक पडला होता, पोट फुगलं होतं. पाणथरी वाढली म्हणायचे.’ वाढलेली प्लीहा, पांढरं पडलेलं मूल, दोन वर्षांच्या सुमारास मृत्यू. नावाशिवाय सगळं त्यात होतं. तो चौकोन मी काळा केला आणि जोडप्याच्या तपासण्यांचा क्रमच बदलला. तुम्हीही आजीशी किंवा मोठ्या काकूंशी बोला. ‘थॅलेसेमिया होता का’ असं विचारू नका. लहानपणी कुणी गेलं का, कुणाला वारंवार रक्त लावावं लागलं का, असं विचारा.

आता नकाशाकडे. हा नकाशा म्हणजे काय, हे कळलं की त्याच्याकडून काय मिळू शकतं हेही कळतं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या (डीएनएच्या गुंडाळलेल्या धाग्यांच्या) २३ जोड्या आहेत. एका संचात डीएनएची सुमारे ३०० कोटी अक्षरं, आणि त्यात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,०००. एकेकाळी जाणकारांचे अंदाज लाखापर्यंत जात होते. नकाशा म्हणजे कुठलं जनुक कुठल्या गुणसूत्रावर, नेमकं कुठे बसलंय त्याची नोंद. तुमच्या भाच्याचं बिघडलेलं जनुक, बीटा ग्लोबिनचं, ११ व्या गुणसूत्रावर आहे. जेमतेम १,६०० अक्षरांचं. त्यातलं एखादं अक्षर बदललं तरी हिमोग्लोबिनचा अर्धा भाग नीट तयार होत नाही.

हे जनुक लवकर हाती लागलं, कारण त्यातून बनणारं प्रथिन आधीच माहीत होतं. बहुतेक आजारांत असं नव्हतं. हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराचं उदाहरण घ्या. कुठलं प्रथिन बिघडतं, कुणाला काहीच माहीत नव्हतं. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठी या आजाराची मोठमोठी कुटुंबं होती. नॅन्सी वेक्सलर आणि सहकाऱ्यांनी तिथे जाऊन नातेसंबंधांचे तक्ते केले, रक्ताचे नमुने गोळा केले. वेक्सलर यांच्या स्वतःच्या आईला हाच आजार होता. गुणसूत्रावर जवळ-जवळ असलेले तुकडे आईवडिलांकडून मुलात शक्यतो एकत्र जातात, हे या शोधामागचं तत्त्व. दोन अनोळखी माणसं वर्षानुवर्षं रोज एकाच स्टेशनावर उतरताना दिसली तर त्यांची ऑफिसं एकाच भागात असणार, असा अंदाज आपण करतो ना, तसंच. डीएनएतली एक ओळखीची खूण आजाराबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जाताना दिसली, आणि १९८३ मध्ये जेम्स गुसेला यांच्या गटाने सांगितलं की हे जनुक ४ थ्या गुणसूत्रावर आहे. त्यानंतर प्रत्यक्ष जनुक हातात यायला १९९३ उजाडलं. भाग कळल्यानंतरची दहा वर्षं, अनेक प्रयोगशाळा, एका जनुकासाठी.

म्हणूनच सगळा नकाशा एकदाच करून टाकायचं ठरलं. मानवी जीनोम प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला, २००० च्या जूनमध्ये कच्चा मसुदा जाहीर झाला आणि एप्रिल २००३ मध्ये काम पूर्ण झाल्याची घोषणा झाली. खर्च सुमारे २७० कोटी डॉलर. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, जपान आणि चीन असे सहा देश त्यात होते, भारत नव्हता. त्या वेळच्या तंत्राने न वाचता येणारा जवळजवळ ८ टक्के भाग तेव्हा राहून गेला होता, तो २०२२ मध्ये पुरा झाला. माझ्या दृष्टीने या प्रकल्पातला सर्वात मोलाचा निर्णय १९९६ चा: वाचलेली अक्षरं चोवीस तासांच्या आत जगासाठी खुली करायची. आज माझ्यासमोर एखाद्या बाळाचा रिपोर्ट आला की मी त्यातला बदल काही मिनिटांत कुणालाही खुल्या असलेल्या जागतिक नोंदींशी ताडून बघते, त्याचं मूळ या निर्णयात आहे.

मग भाच्याला अजून रक्तच का चढवावं लागतं? कारण कुठलं जनुक बिघडलंय हे कळणं आणि ते शरीरातल्या लाखो पेशींत दुरुस्त करता येणं, ही फार वेगळी कामं आहेत. पण पहिल्याशिवाय दुसरं होत नाही, आणि थॅलेसेमियात ते कसं झालं ते बघण्यासारखं आहे.

बहिणीला विचारा, बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने ठीक होतं ना? बहुतेक आयांना आठवतं, पाच-सहा महिन्यांनंतर ते फिकट दिसायला लागलं. पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला हिमोग्लोबिन एफ म्हणतात, आणि त्याला बीटा ग्लोबिन लागत नाही. जन्मानंतर शरीर ते हळूहळू बंद करतं, बीटावाल्यावर भिस्त येते आणि आजार उघडा पडतो. काही माणसांत मात्र मोठेपणीही एफ बऱ्यापैकी चालू राहतं, आणि अशांना थॅलेसेमिया किंवा सिकल सेल असला तरी त्रास कमी होतो. डॉक्टरांना हे कित्येक दशकं माहीत होतं. एफ बंद कोण करतं, ते माहीत नव्हतं.

जीनोमचा नकाशा हाताशी आल्यावर संशोधकांनी एफ जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या लोकांचे डीएनए जागोजागी ताडून पाहिले. त्यात थॅलेसेमियाचं प्रमाण मोठं असलेल्या इटलीतल्या सार्डिनिया बेटावरचे लोकही होते. २००७-०८ मध्ये २ ऱ्या गुणसूत्रावर, बीसीएल११ए नावाच्या जनुकापाशी ठळक फरक दिसला. रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासात ओळख झालेल्या या जनुकाचा हिमोग्लोबिनशी संबंध असेल अशी कल्पना कुणी केली नव्हती. एफचं बटण बंद करणारं हेच. पुढे कळलं की तांबड्या पेशींमध्ये त्याला चालू ठेवणारा एक छोटा तुकडा जनुकाच्या आत, पण प्रथिन न बनवणाऱ्या भागात आहे. डीएनएच्या ज्या भागाला ‘फालतू’ म्हणायची पद्धत होती, त्यातलाच तो. नेमका तो तुकडा क्रिस्पर तंत्राने (डीएनए हव्या त्या जागी कापण्याचं तंत्र) कापला की एफ पुन्हा सुरू होतं. या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये सिकल सेल आणि थॅलेसेमिया दोन्हींसाठी मान्यता दिली, तर अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये सिकल सेलसाठी आणि जानेवारी २०२४ मध्ये थॅलेसेमियासाठी. नकाशावर खूण सापडल्यापासून औषधापर्यंत सुमारे पंधरा वर्षं.

अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. आपल्या रुपयांत १८ कोटींहून जास्त. शिवाय आधी केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, म्हणजे जोखीमही लहान नाही. त्यामुळे उद्या परळला हे मिळेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण ‘नकाशातून काही आलं नाही’ हेही खरं नाही. आलंय, अजून आपल्या दारापर्यंत पोचलेलं नाही. ते पोचवणं हा आता किमतीचा, धोरणाचा आणि देशात हे तंत्र उभं करण्याचा प्रश्न आहे.

दारापर्यंत पोचलेलं मात्र एक आहे, आणि त्याची बातमी कधी होत नाही. भारतातल्या बीटा थॅलेसेमियाच्या बहुसंख्य रुग्णांत तेच ते पाच बदल पुन्हापुन्हा आढळतात. आयव्हीएस १-५ नावाचा बदल सर्वात जास्त, तर सिंधी कुटुंबांत ६१९ अक्षरांचा एक तुकडाच गळालेला असतो. आपल्या संशोधकांनी समाजवार नमुने तपासून हे शोधलं. त्यामुळे वाहक जोडप्याचा नेमका बदल आधी या पाचांत शोधता येतो, सगळं जनुक धुंडाळावं लागत नाही, आणि गर्भाची तपासणी वेळेत होते. परळला केईएमच्या आवारात असलेली आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था हे काम दीर्घकाळ करते आहे.

यातूनच पॅकेजबद्दलचा माझा मुख्य आक्षेप पुढे येतो. नकाशा सगळ्या माणसांचा असला तरी त्यावरच्या बारीकसारीक नोंदी कुणाच्या, हे बघावं लागतं. २००३ च्या संदर्भ जीनोमचा (ज्याच्याशी बाकीच्यांचे डीएनए ताडून बघतात) मोठा भाग अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या एका दात्याचा आहे, आणि त्यानंतर कुठला बदल मधुमेहाचा धोका वाढवतो, कुठला हृदयविकाराचा, हे अभ्यास प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले. त्यावरून काढलेले ‘तुम्हाला मधुमेहाचा धोका अमुक टक्के’ असे आकडे तुम्हाला-मला तितकेसे लागू पडत नाहीत. तुमच्या वडिलांना मधुमेह आहे का आणि तुमच्या कमरेचा घेर किती, यावरून मी जास्त भरवशाचं सांगू शकेन.

याचा परिणाम प्रत्यक्ष औषधावर कसा होतो बघा. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना मर्कॅप्टोप्युरिन नावाची गोळी दीर्घकाळ देतात. काही मुलांच्या पांढऱ्या पेशी तिने धोकादायक पातळीपर्यंत खाली येतात. युरोपीय मुलांत याचं कारण टीपीएमटी या जनुकात सापडलं आणि तशी तपासणी सुरू झाली. आशियाई मुलांत मात्र टीपीएमटी ठीक असूनही पेशी कोसळत होत्या. आशियाई रुग्णांचे जीनोम तपासले तेव्हा २०१४-१५ च्या सुमारास एनयूडीटी१५ हे दुसरंच जनुक समोर आलं. आता त्यानुसार डोस आधीच कमी ठेवता येतो. आपल्याकडच्या लोकांचे नमुने तपासलेच गेले नसते तर हे कारण अंधारात राहिलं असतं.

मुंबईने तर हा धडा फार आधी दिलाय. १९५२ मध्ये इथल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक असा रक्तगट नोंदवला, जो साध्या तपासणीत ‘ओ’ वाटतो पण ज्याला ओ चं रक्तही चालत नाही. तोच जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. पुढे त्याचं कारण १९ व्या गुणसूत्रावरच्या एफयूटी१ जनुकात सापडलं. हा गट जगात फार विरळा, आपल्या भागात त्यामानाने जास्त. इथल्या रुग्णांकडे इथल्या माणसांनी नीट पाहिलं नसतं तर तो सापडायला किती वर्षं गेली असती कोण जाणे. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जीनोम इंडिया प्रकल्प सुरू केला, देशभरातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या सुमारे १०,००० लोकांचे जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. मला याचं फार अप्रूप आहे. रिपोर्टात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो तेव्हा तो बदल आपल्याकडच्या निरोगी लोकांतही सर्रास आहे का, हे आता बघता येतं, आणि एखाद्या आईची विनाकारण झोप उडत नाही.

तपासणी नकोच, असं माझं म्हणणं नाही. बाळाची वाढ खुंटली आहे, झटके येतात आणि कारण सापडत नाही, अशा वेळी जनुकांची सविस्तर तपासणी मी स्वतः आग्रहाने सांगते. साधारण तीनात एका कुटुंबाला त्यातून नेमकं नाव मिळतं. आई-मावशीला पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर बीआरसीए जनुकांची तपासणी जीव वाचवू शकते. दोन्हीकडे आधी प्रश्न आहे, मग तपासणी. निरोगी माणसाने प्रश्नाशिवाय सगळा जीनोम वाचून घेतला तर हाती बहुधा ते ‘अनिश्चित’ शेरेच येतात. आणि ही माहिती विमा कंपनीने कशी वापरावी, याबद्दल आपल्याकडे अजून स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत निदान आरोग्यविम्यापुरता २००८ पासून आहे.

तर प्रत्यक्षात असं करा. तुमची सीबीसी, एचपीएलसी आणि फेरिटिन या महिन्यात होऊ द्या. भाच्याचा डीएनए रिपोर्ट बहिणीकडे असेल तर त्याची झेरॉक्स घ्या, त्यावर दोन्ही बदलांची नावं असतील. तुम्ही वाहक नसाल तर या आजारापुरती यजमानांची तपासणी करायची गरज राहत नाही. वाहक असाल तर त्यांची एचपीएलसी करा. त्यांना कसं सांगायचं, याची तुम्हाला धास्ती आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. सरळ सांगा: आमच्याकडे एका बाळाला हा आजार आहे म्हणून मी तपासणी केली, तुमचीही करून घेऊ. मायनर असणं हा आजार नाही, औषध लागत नाही, फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी दाखवतं. दोघंही वाहक निघालात तरी लग्न मोडायचं कारण नाही. दोघांचे बदल आधी शोधून ठेवले की गरोदरपणाच्या ११ ते १३ व्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन गर्भाला मेजर आहे का ते कळतं. हे नोंदणीकृत केंद्रातच होतं आणि लिंग सांगितलं जात नाही. बदल शोधायला वेळ लागतो, म्हणून ते काम दिवस राहायच्या आधी उरकायचं.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. या घरात तपासणीची सगळ्यात जास्त गरज तुम्हाला नाही. तुमची चुलत बहीण दुसऱ्या बाळाचा विचार करत असेल तर तिचा धोका चारात एक आहे, आज, कुठल्याही तपासणीआधी. तिला आणि तिच्या यजमानांना दिवस राहायच्या आधी जनुकीय समुपदेशनाला पाठवा. तिची सख्खी भावंडं असतील तर त्यांची वाहक असण्याची शक्यता निम्मी, म्हणजे तुमच्या चौपट. त्यांना आजच फोन करून एचपीएलसी करायला सांगा. आणि भाच्याला सख्खं भावंड असेल तर एचएलए मॅचिंग (अस्थिमज्जा देण्यासाठी दोघांच्या पेशी जुळतात का ही तपासणी) झालंय का ते विचारा. जुळलं, तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने तो बरा होऊ शकतो. ते वय लहान असताना आणि शरीरात लोह फार साठण्याआधी केलेलं बरं, आणि चार वर्षं हे त्यासाठी चांगलं वय आहे.